पानावरून फळाची पारख



बंगळूरहून तुमकूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे. आशियातील मोठ्या लघुउद्योग वसाहतींमध्ये तिची गणना केली जाते. लेथयंत्रांची घरघर, सुटे भाग घडविणाऱ्या कर्मशाळा, रंगलेपनाच्या भट्ट्या, तयार कपड्यांचे कारखाने असा तिचा पसारा आहे. त्याच रस्त्याने थोडे पुढे जाऊन हेसरघट्ट्याच्या फाट्याला वळले की पंधरा-वीस किलोमीटरांच्या आत दृश्य पालटते. तेथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९६७ साली स्थापन केलेली भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे, आणि तिच्या प्रक्षेत्रावर आंबा, पेरू, पपई, द्राक्ष, फणस यांच्या ओळीच्या ओळी उभ्या आहेत. कारखाना आणि फळबाग यांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणालाही वाटेल. तो संबंध आहे आणि तो एका सूक्ष्म पदार्थाच्या द्वारे जुळला आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

फळझाडांची सुधारणा हे काम मुळातच दीर्घकाळाचे आहे. ग्रेगोर मेंडेलने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आनुवंशिकतेचे नियम शोधून काढले ते वाटाण्याच्या साहाय्याने. वाटाणा काही महिन्यांत फुलतो, शेंगा धरतो. एका वर्षात एक पिढी सहज पाहता येते. मेंडेलने वाटाण्याऐवजी आंबा निवडला असता, तर दुसरी पिढी पाहण्यासाठी त्याला कित्येक वर्षे थांबावे लागले असते. कोयीपासून वाढविलेल्या आंब्याला पहिले फळ धरण्यास पाच-सात वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. एखाद-दुसऱ्या हंगामाच्या फळावरून त्या झाडाची योग्यता ठरविता येत नाही. त्याची नियमितता, कीड-रोगांपुढील टिकाव, फळाचा टिकाऊपणा हे पारखण्यास आणखी काही वर्षे द्यावी लागतात. त्यानंतर कलमे करून निरनिराळ्या भागांत लावून पाहावयाचे. एका संशोधकाच्या सेवाकाळात असे दोन फेरे पुरे झाले तरी पुष्कळ म्हणावयाचे.

सफरचंदाच्या इतिहासातील एक उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सफरचंदाच्या फळांवर व पानांवर खवले पाडणारा एक बुरशीजन्य रोग आहे. त्याला प्रतिकार करणारा गुण एका जंगली, बोराएवढी फळे देणाऱ्या जातीत आढळला. अमेरिकेतील इलिनॉय येथे १९१४ मध्ये तिचा संकर बागेतील एका उत्तम जातीशी करण्यात आला. जंगली जातीचा क्षुद्रपणा टाकून द्यावयाचा आणि तिचा प्रतिकारगुण तेवढा ठेवावयाचा, यासाठी पिढ्यांमागून पिढ्या वाढवाव्या लागल्या. त्या प्रयत्नांतून ‘प्रायमा’ ही रोगप्रतिकारक जात बागायतदारांच्या हाती पडली ती १९७० मध्ये. मधल्या छप्पन्न वर्षांत काम आरंभिणारे जाऊन दुसरे आले होते.

आता आंब्याकडे वळू. आंब्याच्या एका मोहोरात शेकडो, कधी हजारांवर फुले असतात. त्यांपैकी पुष्कळशी केवळ नरफुले असतात. उरलेल्या उभयलिंगी फुलांतून फळ होऊन ते झाडावर टिकते असे अगदीच थोडे. संकर करणाऱ्याने एकेका फुलातील पुंकेसर चिमट्याने काढून, दुसऱ्या जातीचे पराग लावून, फुलोऱ्यावर पिशवी बांधावयाची. एवढे करूनही बहुतेक कैऱ्या सुपारीएवढ्या होण्याआधीच गळून पडतात. उरलेल्या प्रत्येक फळात बी एकच. तेव्हा शेकडो फुलांवर घेतलेल्या श्रमांचे फळ म्हणून हाती काय लागते, तर मूठभर कोयी. त्यांतूनही कोणती कोय खऱ्या संकराची आणि कोणती चुकून आलेल्या परागाची, हे बाहेरून सांगता येत नाही.

तरीही आपल्या देशातील संशोधकांनी या पद्धतीने मोलाचे कार्य केले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने नीलम आणि दशेरी यांच्या संकरातून ‘मल्लिका’ व ‘आम्रपाली’ ह्या जाती दिल्या. कोकणात वेंगुर्ले येथील फळसंशोधन केंद्रातून नीलम व हापूस यांच्या संकराने ‘रत्ना’ ही जात १९८१ मध्ये, आणि रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ ही जात १९९२ मध्ये प्रसारित झाली. हेसरघट्ट्याच्या संस्थेने आपल्या वाणांना ‘अर्क’, म्हणजे सूर्य, हे उपपद लावण्याची प्रथा पाडली आहे. हापूस व बेनिशान यांच्या संकरातून ‘अर्क पुनीत’, त्याच जोडीची अदलाबदल करून ‘अर्क अरुणा’, हापूस व जनार्दन पसंद यांच्यापासून ‘अर्क अनमोल’, तर हापूस व नीलम यांच्यापासून ‘अर्क नीलकिरण’ अशी ही मालिका आहे.

या सर्व संकरांत हापूस वारंवार येतो, त्यास कारण आहे. हापूसचा स्वाद, रंग आणि सुगंध यांना तोड नाही. पण तो वर्षाआड फळतो आणि त्याच्यात साका होतो. बाहेरून सोन्यासारखे दिसणारे फळ कापावे, तो आत कोयीलगत पांढरट, आंबूस, स्पंजासारखा गर निघतो. कोकणातील बागायतदाराला या साक्याने किती वेळा खाली पाहावयास लावले असेल, याची गणती नाही. हेसरघट्ट्याच्या शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून असे दिसून आले की, फळ झाडावर असतानाच कोयीत अंकुरणाच्या हालचाली अकाली सुरू होणे, याच्याशी साक्याचा संबंध आहे. हापूसचा स्वाद राखून साका तेवढा टाळावयाचा, हे संकर करणाऱ्यांचे जुने स्वप्न होते. अर्क पुनीत व अर्क अनमोल यांच्यात साका होत नाही. मात्र हा गुण पदरात पडला की नाही हे कळण्यासाठी प्रत्येक रोपाचे झाड होऊन त्याची फळे कापून पाहण्यावाचून त्या काळी दुसरा मार्ग नव्हता.

येथे डीएनए-चाचणीचा प्रवेश होतो. सजीवाच्या प्रत्येक पेशीत त्याचा संपूर्ण आनुवंशिक आराखडा असतो. आंब्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या वीस जोड्या असतात, आणि त्यांच्या एका संचातील डीएनएच्या साखळीत सुमारे चाळीस कोटी ‘अक्षरे’ आहेत. ही अक्षरे चारच प्रकारची. त्यांच्या क्रमातच सारा अर्थ साठविलेला असतो. हापूस आंब्याचा हा क्रम लावण्याचे काम पूर्ण होऊन २०२० मध्ये ते प्रसिद्ध झाले. जो आराखडा फळात असतो तोच कोवळ्या पानातही असतो. म्हणून सहा वर्षांनी येणाऱ्या फळाविषयी चार पानांच्या रोपाला प्रश्न विचारता येतो. सगळ्या प्रश्नांची उत्तरे ते देत नाही. पण काहींची निश्चित देते.

हा प्रश्न विचारण्याची रीत अशी. रोपाचे कोवळे, तांबूस पान खुडून ते कुटावयाचे. आंब्याच्या पानात चीक व तुरट द्रव्ये फार. ती डीएनएला चिकटून बसतात आणि पुढचे काम नासवितात. म्हणून विशिष्ट क्षालक द्रव्यांत, कढत पाण्याच्या उष्णतेवर ठेवून डीएनए वेगळा काढावा लागतो. मग त्याच्या लांबलचक साखळीतील नेमका हवा तो तुकडा निवडून त्याच्या लक्षावधी प्रती तयार करावयाच्या. ही युक्ती अमेरिकन शास्त्रज्ञ कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि तिच्यासाठी त्यांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तीत मिश्रण वारंवार उकळत्या पाण्याच्या जवळपास तापवावे लागते. साधी विकरे, म्हणजे जैविक क्रिया घडविणारी प्रथिने, इतक्या उष्णतेने निकामी होतात. पण अमेरिकेतील यलोस्टोन येथील उष्ण झऱ्यांत राहणाऱ्या एका जीवाणूचे विकर ही उष्णता सहन करते. त्या जीवाणूच्या नावावरून त्यास ‘टॅक’ विकर म्हणतात.

आता पीण्याचा उल्लेख कशासाठी झाला ते ध्यानात येईल. डीएनए कापणारी व त्याच्या प्रती काढणारी विकरे पूर्वी परदेशातून आणावी लागत. ती बर्फात ठेवून विमानाने यावयाची, सीमाशुल्काच्या गोदामात अडकली की बर्फ वितळावयाचे, आणि महागमोलाचा माल वाया जावयाचा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आनुवंशिकीचे संशोधन केलेले पी. बाबू यांनी १९८९ मध्ये ‘बंगलोर जीनाय’ ही कंपनी स्थापन केली आणि पीण्यातील तिच्या वास्तूत ही विकरे देशातच तयार होऊ लागली. पुढे ती कंपनी मर्क या जर्मन उद्योगसमूहाकडे गेली. परंतु देशातील विद्यापीठांच्या आणि कृषिसंस्थांच्या प्रयोगशाळांना जवळून, बर्फ वितळण्यापूर्वी, विकर मिळू शकते, हे एकदा सिद्ध झाले ते झालेच. लेथ आणि भट्ट्यांच्या वस्तीत तयार झालेली ही नाजूक वस्तू शेतीच्या कामी आली, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

डीएनए-चाचणीने फळझाडांच्या बाबतीत कोणकोणती कामे होतात? पहिले काम ओळख पटविण्याचे. द्राक्षाच्या क्षेत्रात त्याचे प्रसिद्ध उदाहरण १९९७ मधील आहे. मद्यासाठी जगभर लावल्या जाणाऱ्या ‘काबर्ने सोव्हिन्यॉ’ या काळ्या द्राक्षाचे आईबाप कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठात कॅरोल मेरेडिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या खुणा ताडून दाखविल्या आणि ‘काबर्ने फ्राँ’ व ‘सोव्हिन्यॉ ब्लाँ’ हे दोघे त्याचे जनक असल्याचे सिद्ध केले. काळ्या द्राक्षाचा एक जनक पांढरा निघाला. आपल्या देशातही हेसरघट्ट्याच्या संस्थेने आंब्याच्या जातींची अशी पडताळणी केली असून, दक्षिणेकडील जाती आणि इतर भागांतील जाती यांचे नाते डीएनएवरून तपासले आहे. एकाच आंब्याला दहा गावांत दहा नावे आणि एकाच नावाखाली तीन निराळे आंबे, हा आपल्याकडील जुना घोळ निस्तरण्यास अशा कामाचा मोठा उपयोग आहे.

दुसरे काम रोपवाटिकेतील. विदर्भातील संत्र्याचे डोळे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. या खुंटांच्या बीजात एक विशेष आहे. एका बीतून एकाहून अधिक रोपे उगवतात. त्यांतील बहुतेक आईच्याच पेशीपासून झालेली, म्हणजे आईची हुबेहूब प्रतिकृती असतात, आणि एखादे मात्र परागसंयोगातून झालेले, निराळ्या स्वभावाचे असते. बागेत सर्व झाडे एकसारखी वाढावीत म्हणून खुंटाच्या रोपांत आईची प्रतिकृती हवी. उलट संकर करणाऱ्याला नेमके ते एखादे निराळे रोप हवे. दोघांनाही लहान वयात ही निवड करणे अवघड. पानाच्या चाचणीने ती काही दिवसांत होते.

तिसरे उदाहरण पपईचे. पपईची काही रोपे नर, काही मादी, काही उभयलिंगी निघतात. नर झाडाला फळ येत नाही. जुन्या जाती लावणारा शेतकरी एकेका खड्ड्यात तीन-चार रोपे लावून फुले येईपर्यंत थांबतो, आणि मग नको असलेली उपटून टाकतो. तोवर पाणी, खत आणि मजुरी निम्म्याअधिक वाया गेलेली असते. हेसरघट्ट्याच्या ‘अर्क सूर्य’ व ‘अर्क प्रभात’ यांसारख्या जातींत नराचा प्रश्न येत नाही. पण मादी आणि उभयलिंगी यांचा भेद तरीही उरतो, आणि बाजारात मागणी असते ती उभयलिंगी झाडाच्या लांबट फळाला. अशा झाडाचे स्वपरागण केल्यास तीन रोपांत दोन उभयलिंगी व एक मादी असे प्रमाण पडते. रोपाचे लिंग ठरविणारा डीएनएचा भाग आता माहीत झाला असून त्याच्यावरून रोप पिशवीत असतानाच निवड करता येते. ही चाचणी प्रत्येक शेतकऱ्याला परवडण्याइतकी स्वस्त होणे हा पुढील प्रश्न आहे, आणि तो विज्ञानापेक्षा व्यवहाराचा अधिक आहे.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे. एखाद्या इष्ट गुणाच्या जनुकाशेजारी, गुणसूत्रावर अगदी लगत, डीएनएची एखादी ठळक खूण असते. जनुक जेथे जाईल तेथे बहुधा ही खूणही जाते. मग फळाची वाट न पाहता पानात ती खूण शोधावयाची. बिनबियांच्या द्राक्षाबाबत तर ज्या जनुकामुळे बी खुंटते, तो जनुकच सापडला आहे. द्राक्षाचे शेकडो संकर पेरले, तर बिया असणारी रोपे वाफ्यातच काढून टाकता येतात, आणि मांडव, तारा, पाणी हे सर्व केवळ होतकरू वेलींसाठी राखता येते. सफरचंदाच्या त्या रोगप्रतिकारक गुणाचीही अशी खूण आता उपलब्ध आहे. छप्पन्न वर्षे कमी होऊन शून्य होणार नाहीत, कारण झाडाला मोठे होण्यास लागणारा वेळ लागणारच. पण निरुपयोगी झाडे वाढविण्यात जाणारी वर्षे वाचतात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. डीएनए-चाचणी म्हणजे जनुकांची कलमे लावणे नव्हे. हवाई बेटांवर पपईचे पीक एका विषाणूने उद्ध्वस्त होत असता, विषाणूचाच एक अंश पपईत घालून सिद्ध केलेल्या जाती तेथे १९९८ पासून लावल्या जाऊ लागल्या. ती जनुकीय परिवर्तनाची पद्धती, आणि तिच्यासंबंधीचे वाद निराळे. चाचणीत झाडात काहीही घातले जात नाही. परागसिंचन पूर्वीसारखेच चिमटा आणि पिशवीने होते. चाचणी केवळ जन्मलेल्या रोपांपैकी कोणते ठेवावे हे सांगते.

या साधनाच्या मर्यादाही तितक्याच स्पष्टपणे समजून घेतल्या पाहिजेत. कोकणचा हापूस म्हणून परजिल्ह्यातील किंवा परराज्यातील हापूस विकला जातो, अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. कोकणातील पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते याच कारणाने. परंतु डीएनए-चाचणी येथे फारशी उपयोगी नाही. देवगडचा हापूस आणि धारवाडचा हापूस हे दोन्ही कलमांच्या परंपरेने एकाच झाडाचे वंशज. त्यांचा आराखडा जवळजवळ एकच. फरक पाडते ती जांभा दगडाची जमीन, समुद्राचा वारा आणि उन्हाळ्याची धग. पानाला हापूस कोण हे सांगता येते, तो कोठला हे सांगता येत नाही. हीच अडचण सांगली भागातील ‘तास-ए-गणेश’ सारख्या द्राक्षांच्या बाबतीत आहे. थॉमसन सीडलेसच्या वेलींतूनच निवडलेल्या या वाणाचा मूळ वेलीपासूनचा भेद शेतकऱ्याच्या अनुभवी डोळ्याला दिसतो, पण साध्या चाचणीच्या खुणांत तो सहसा सापडत नाही. शिवाय स्वाद, गोडी, उत्पन्न यांसारखे गुण एका जनुकाने ठरत नाहीत. अनेक जनुके आणि हवापाणी मिळून ते घडवितात. शेवटी फळ कापून चाखावेच लागते.

आणखी एक प्रश्न उरतो, आणि तो सर्वांत गंभीर आहे. चाचणी निवड करते. पण ज्यातून निवडावयाचे ते भांडार कोठून आणावयाचे? सगळीकडे हापूस आणि बेनिशान यांचीच कलमे लागली, तर उद्या येणाऱ्या नव्या रोगाला किंवा वाढत्या उष्णतेला तोंड देणारे जनुक शोधावयाचे कोठे? ते बांधावरच्या रायवळ आंब्यात असू शकते. शिमोगा आणि उत्तर कन्नड जिल्ह्यांत नदीकाठी वाढणारी ‘अप्पेमिडी’ ही लोणच्याची कैरी असेच एक भांडार आहे. तिच्या झाडाझाडांतील आनुवंशिक भिन्नता हेसरघट्ट्याच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासली आहे. कोकणात आणि घाटमाथ्यावर रस्तारुंदीकरणासाठी किंवा लाकडासाठी तोडले जाणारे प्रत्येक जुने रायवळ झाड म्हणजे न वाचताच जाळलेले एक पुस्तक होय.

असे एक ‘पुस्तक’ वाचले गेल्याची हकीकत तुमकूर जिल्ह्यातील आहे. पीण्यावरून जाणारा हमरस्ता ज्या तुमकूरला पोहोचतो, त्या जिल्ह्यातील चेळूर गावी एका शेतकऱ्याच्या वडिलांनी लावलेले फणसाचे झाड होते. फळ लहान, सरासरी अडीच किलोंच्या आसपास. पण आत तांबूस-लाल रंगाचे, रसाळ गरे. हेसरघट्ट्याच्या संस्थेने त्याची पारख करून त्याच्या कलमांचा प्रसार हाती घेतला. झाड लावणाऱ्या वडिलांच्या स्मरणार्थ वाणाला ‘सिद्दू’ असे नाव देण्यात आले, आणि कलमांच्या विक्रीतील पंचाहत्तर टक्के वाटा शेतकऱ्याला देण्याचा करार झाला. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियमाने शेतकऱ्याने जोपासलेल्या वाणाची नोंदणी करण्याचा हक्क त्याला दिला आहे. फळझाडांच्या बाबतीत ते संरक्षण अठरा वर्षांपर्यंत मिळते. अशा वाणाची मालकी कोणाची, असा तंटा उद्भवला, तर त्याचा डीएनए-ठसा ही एक भक्कम साक्ष ठरू शकते. प्रयोगशाळेतील तंत्राचा लाभ झाड राखणाऱ्याच्या घरापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर कायद्याने दिलेला हक्क आणि ओळखीचा हा पुरावा दोन्ही त्याच्या हाती असले पाहिजेत.

तेव्हा फळझाडांच्या सुधारणेचे काम तीन ठिकाणी चालते असे म्हणावे लागेल. एक प्रयोगशाळेत, जेथे पान कुटून त्याला प्रश्न विचारला जातो. दुसरे प्रक्षेत्रावर, जेथे उरलेल्या थोड्या रोपांची वर्षानुवर्षे पारख होते. आणि तिसरे बांधावर, परसात, नदीकाठी, जेथे कोणीतरी एखादे वेगळे झाड केवळ त्याचे फळ चांगले म्हणून राखून ठेवले आहे. पहिल्या दोन ठिकाणांसाठी शासनाने संस्था उभारल्या आहेत. तिसरे ठिकाण सामान्य माणसाच्या ताब्यात आहे. गावातील जुन्या, नामांकित झाडाची नोंद करणे, त्याचे फळ कृषी विद्यापीठाला किंवा संशोधन केंद्राला दाखविणे, आणि तोपर्यंत त्याच्यावर कुऱ्हाड पडू न देणे, एवढे काम कोणत्याही प्रयोगशाळेवाचून होण्याजोगे आहे.